पिंडी ते ब्रह्मांडी : आरसा की नाते?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गावर तुकोबांचा तो सुप्रसिद्ध अभंग शिकवत होतो, ज्यात ते स्वतःला अणूहूनही लहान आणि त्याच दमात आकाशाएवढे म्हणतात. दिवस पावसाळ्याचे होते. रत्नागिरीत जुलैचा पाऊस एकदा लागला की पत्र्यावरच्या आवाजात शिक्षकाला ओरडूनच बोलावे लागते, आणि ओरडून बोलताना माणूस उगाचच ठाम होत जातो. मी फळ्यावर एक ठिपका काढला, त्याच्याभोवती दोन-तीन लंबवर्तुळे काढली आणि म्हणालो, "हा अणू. हीच आकृती मोठी करा. मधला ठिपका झाला सूर्य आणि फिरणारे कण झाले ग्रह. जे अणूत तेच सूर्यमालेत आणि तेच आकाशगंगेत. आपल्याकडे याला पिंडी ते ब्रह्मांडी म्हणतात. विज्ञानाला हे विसाव्या शतकात उमगले, तुकोबांना सतराव्या शतकातच ठाऊक होते." हे वाक्य वर्गाला आवडत असे. दहा-बारा वर्षे आवडत आले होते.

त्या दिवशी बारावीपर्यंत विज्ञान शिकून मग मराठीकडे वळलेली एक विद्यार्थिनी उभी राहिली. म्हणाली, "सर, इलेक्ट्रॉन असे फिरत नाहीत. ही आकृती का टिकली नाही हे आम्हांला अकरावीलाच शिकवलं होतं." मी अनुभवी शिक्षकाच्या सराईतपणे म्हणालो, "अगं, कविता शिकताना भौतिकशास्त्र थोडं बाजूला ठेवायचं असतं." ती क्षणभर थांबली आणि शांतपणे म्हणाली, "मग सर, तुम्ही ते फळ्यावर कशाला काढलंत?"

मी तास पुढे रेटला. उत्तर मात्र दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि ते देताना मला माझे जुने वाक्य मागे घ्यावे लागणार आहे.

'पिंडी ते ब्रह्मांडी' ही म्हण आपण इतक्या सहजपणे वापरतो की तिच्यात किमान तीन वेगवेगळे दावे गुंतलेले आहेत हे ध्यानात येत नाही. पहिला दावा आकाराचा : लहानाची घडण मोठ्याच्या घडणीसारखीच आहे. दुसरा नियमाचा : लहान आणि मोठे दोन्ही एकाच रीतीने चालतात. तिसरा द्रव्याचा : दोघेही एकाच मालापासून बनले आहेत. हे तीन दावे एकमेकांवर अवलंबून नाहीत. मडके आणि कौल एकाच मातीचे असते, म्हणून कौलात पाणी भरता येत नाही. माझ्या फळ्यावरची आकृती पहिला दावा करत होती आणि तो सिद्ध झाल्याच्या थाटात मी उरलेले दोन्ही पदरात पाडून घेत होतो.

आधी आकाराचाच दावा पाहू. अणू म्हणजे छोटी सूर्यमाला ही कल्पना संतांची नाही, ती भौतिकशास्त्रज्ञांचीच आहे. १९०४ साली जपानच्या नागाओका यांनी अणूची तुलना शनी आणि त्याच्या कड्यांशी केली. १९११ साली रदरफर्डने अणूच्या मध्यभागी अतिशय लहान आणि जड असे केंद्रक असल्याचे दाखवले. १९१३ साली नील्स बोरने त्याभोवती इलेक्ट्रॉनच्या ठराविक कक्षा कल्पिल्या. चित्र पूर्ण झाले, शाळेच्या पुस्तकांत गेले, सरकारी बोधचिन्हांवर चढले आणि तिथेच राहिले. भौतिकशास्त्र मात्र पुढच्या बारा-पंधरा वर्षांत तिथून पुढे निघून गेले.

ते का गेले, हे आपल्या गावच्या मापाने सांगतो. दहा सेंटिमीटरचा एक चांगला हापूस घ्या आणि तो मारुती मंदिराच्या चौकात ठेवा. हा आंबा म्हणजे सूर्य मानला, तर सर्वांत दूरचा ग्रह नेपच्यून त्याच्यापासून सुमारे ३२० मीटरांवर फिरेल. म्हणजे पायी चार-पाच मिनिटांत आपण सूर्यमालेची वेस ओलांडू. आता तोच आंबा हायड्रोजन अणूचे केंद्रक माना. मग त्या अणूची कड सुमारे तीन किलोमीटरांवर, म्हणजे पार मांडवीच्या किनाऱ्याच्या आसपास जाईल. अणू हा सूर्यमालेच्या जवळजवळ दसपट विरळ आहे. पण हा फरक केवळ प्रमाणाचा झाला. खरी अडचण पुढे आहे. ग्रह सूर्याभोवती फिरतो तसा विद्युतभारित इलेक्ट्रॉन केंद्रकाभोवती फिरू लागला, तर जुन्या नियमांनुसार तो ऊर्जा बाहेर टाकत राहील आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात केंद्रकात कोसळेल. अणू तसा असता तर आंबाही नसता, चौकही नसता आणि चौकात उभे राहून तुलना करणारा प्राध्यापकही नसता. इलेक्ट्रॉनला मार्ग असा नाहीच. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते. शिवाय ग्रहांचे स्वभाव निराळे, गुरू वेगळा आणि बुध वेगळा. तर विश्वातले सगळे इलेक्ट्रॉन एकमेकांपासून ओळखूच येणार नाहीत इतके एकसारखे. नियमांचेही तेच. सूर्यमाला गुरुत्वाकर्षणाने बांधलेली आहे. अणूत केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांच्यातले गुरुत्वाकर्षण त्यांच्यातल्या विद्युत आकर्षणापुढे इतके क्षीण आहे की ते प्रमाण लिहायला एकावर एकोणचाळीस शून्ये मांडावी लागतात.

आणि सूर्यमाला ओलांडून 'ब्रह्मांड' म्हणावे अशा पसाऱ्याकडे गेलो तर साम्याचा उरलासुरला आधारही सुटतो. अणूला केंद्र असते. विश्वाला आजच्या खगोलशास्त्राप्रमाणे केंद्र नाही. पुरेशा मोठ्या मापाने पाहिले तर ते कुठूनही आणि कोणत्याही दिशेला सारखेच दिसते. ज्याला मध्यच नाही ते मध्याभोवती रचलेल्या वस्तूचे प्रतिबिंब कसे असेल?

मापाचा हा मुद्दा आपण साहित्याची माणसे फार हलका घेतो. आपल्याला वाटते, मोठे करणे म्हणजे भिंगातून पाहणे. पण वस्तू मोठी झाली की तिचा स्वभाव बदलतो. गॅलिलिओने १६३८ सालच्या ग्रंथात दाखवले की एखाद्या प्राण्याची लांबी, रुंदी आणि उंची दुप्पट केली तर त्याचे वजन आठपट होते, पण हाडांची जाडी त्यांच्या छेदाच्या हिशेबाने चौपटच होते. म्हणून हत्ती हा मोठा केलेला उंदीर असू शकत नाही. तसा असता तर उभा राहता राहताच मोडून पडला असता. निसर्गात प्रत्येक मापाचा आपला कारभार असतो. रत्नागिरी जिल्ह्याला हे वेगळे सांगायला नको. जैतापूरच्या प्रस्तावित प्रकल्पापासून इथे 'अणू' हा शब्द उच्चारला की कोणाच्याही मनात आधी माडबन उभे राहते आणि तुकोबा नंतर येतात. एक किलो युरेनियम-२३५ पूर्णपणे भंगले तर अडीच-तीन हजार टन कोळसा जाळण्याइतकी ऊर्जा मिळते. असे होते, कारण केंद्रकाच्या आत निराळेच बल काम करते. आपल्या चुलीत ते कधी प्रत्यक्ष हात घालत नाही. त्या प्रकल्पाच्या बाजूने किंवा विरुद्ध कोणी काहीही बोलो, अणू म्हणजे आपल्याच जगाची लहान आवृत्ती असे समजून त्याला बोलता येणार नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे पाश्चात्त्य झाले. आपल्या परंपरेची दृष्टी वेगळी आहे. पण परंपरा एका आवाजात बोलते हा समज ती न वाचल्यामुळे होतो. योगवासिष्ठात शिळेच्या पोटात जग आहे, अणूअणूत विश्वे आहेत, हे खरे. पण परमाणूचा सर्वांत कसोशीने विचार करणाऱ्या न्याय-वैशेषिकांनी नेमकी याच्या उलट भूमिका घेतली. त्यांचा परमाणू निरवयव आहे. त्याला भागच नाहीत, मग त्याच्या आत विश्व कुठून असणार? आणि तो निरवयव का मानायचा, याचे त्यांनी दिलेले कारण आजही ऐकण्यासारखे आहे. विभाजन कुठेच थांबत नसेल, तर मोहरीच्या दाण्यालाही अनंत भाग आणि मेरू पर्वतालाही अनंत भाग. मग मोहरी आणि मेरू सारख्याच आकाराचे मानावे लागतील. तसे मानणे त्यांना अशक्य वाटले. आपल्याच घरातला हा तर्कवाद लहान-मोठ्याच्या भेदाला इतके महत्त्व देतो आणि आपण तो विसरून 'आमच्याकडे सगळे एकच मानतात' असे सांगत सुटतो.

शब्दाचीही एक गंमत सांगितली पाहिजे, कारण ती आपल्या विषयाची आहे. आजच्या मराठी शालेय पुस्तकांत ज्याला 'अणू' म्हणतात त्याला हिंदीत 'परमाणु' म्हणतात, आणि हिंदीतला 'अणु' म्हणजे आपला 'रेणू'. म्हणजे तुकोबांना आधुनिक अणू ठाऊक होता असे मी रत्नागिरीत सिद्ध करणार आणि त्याच न्यायाने माझा हिंदीभाषक सहकारी त्यांना रेणू ठाऊक होता असे भोपाळमध्ये सिद्ध करणार! संतांच्या बोलीतला अणू म्हणजे अतिशय सूक्ष्म कण. परिभाषा समितीने पुढे एका जुन्या शब्दावर नवा अर्थ बसवला. तो अर्थ मागे नेऊन अभंगावर लादणे ही भाषेच्या शिक्षकाने तरी करू नये अशी चूक आहे.

मग साम्याला कुठेच जागा नाही का? आहे, आणि आपल्या दारातच आहे. कोकणचा किनारा नकाशावर पाहा. जितके जवळ जावे तितकी खाडीला उपखाडी आणि तिला पुन्हा ओहोळ फुटताना दिसतो. लहान तुकडा मोठ्यासारखाच दातेरी. म्हणूनच किनाऱ्याची लांबी किती, याचे उत्तर मोजपट्टीवर अवलंबून असते. हा प्रश्न गणितज्ञ मँडेलब्रॉटने १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याबद्दल विचारला होता. भारताचा किनारा अनेक दशके सुमारे ७५१६ किलोमीटर मानला जात होता. अलीकडच्या वर्षांत अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशांवरून मोजल्यावर तो सुमारे ११,०९८ किलोमीटर भरला. जमीन वाढली नाही, मोजणारा जवळ गेला. इथे लहान खरोखरच मोठ्यासारखे आहे आणि त्याचे कारणही सांगता येते : पाणी, खडक आणि झीज यांची तीच क्रिया अनेक मापांवर चालू असते. पण ही साखळीही वाळूच्या कणापाशी येऊन तुटते. कणाला खाड्या नसतात. २०२० साली इटलीतल्या एका खगोलशास्त्रज्ञाने आणि एका मेंदूच्या शल्यविशारदाने मिळून मेंदूतल्या पेशींचे जाळे आणि दीर्घिकांचे जाळे यांची सांख्यिकी तुलना केली. काही विशिष्ट अंतरांपुरते त्यांना लक्षणीय साम्य आढळले. त्या दोन चित्रांची जोडी मला भ्रमणध्वनीवर आजवर कितीदा आली असेल याची गणती नाही, आणि दर वेळी खाली विश्व म्हणजे एक विराट मेंदू असल्याचा निर्वाळा. अभ्यासकांनी मोजमाप करून साम्याला मर्यादा घातली होती. पुढे पाठवणाऱ्यांनी पहिल्यांदा ती मर्यादाच पुसून टाकली.

आता मी ज्या पानाकडे यायला इतका वेळ घेतला त्या पानाकडे येतो. विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर काही महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी दासबोध चाळत होतो. नवव्या दशकाचा पाचवा समास, 'अनुमाननिरसन'. एम.ए.ला तो वाचला होता, पण परीक्षेला न आल्यामुळे विसरलो होतो. त्या समासाचा विषय हाच आहे : पिंडाची रचना तशीच ब्रह्मांडाची रचना, हे खरे मानायचे का? पिंडाचे चार देह आणि ब्रह्मांडाचे चार देह अशा जोड्या लावण्याची रीत रूढ होती, आणि दासबोधातही त्या जोड्या इतरत्र येतात. पण इथे प्रश्न रोखठोक विचारले जातात. ब्रह्मांडात तेहतीस कोटी देव सांगता, मग ते पिंडात कुठे दाखवणार? ऋषींची ती सहस्रे कुठे? चौऱ्याऐंशी लक्ष योनी माणसाच्या देहात कोणत्या कोपऱ्यात आहेत? एकेक करून सगळ्या जोड्या निकालात निघतात. समासाच्या नावातच निवाडा आहे. हे सगळे अनुमान, आणि अनुमान प्रचीतीपुढे टिकत नाही. मग टिकते काय? समर्थांचा निष्कर्ष थोडक्यात असा की पिंडही पंचमहाभूतांचे आणि ब्रह्मांडही पंचमहाभूतांचेच. एवढे निश्चित, बाकीचा कल्पनाविस्तार सोडून द्यावा.

वाचून मी पुस्तक मिटले. मघाशी जे तीन दावे वेगळे केले त्यातला आकाराचा दावा इथे नाकारला आहे आणि द्रव्याचा राखला आहे. सतराव्या शतकातल्या एका मराठी ग्रंथकाराने हा फरक केला होता आणि मी एकविसाव्या शतकात, हातात खडू घेऊन, तो पुसत होतो. एक गोष्ट इथे सावधपणे म्हटली पाहिजे. समर्थांना अणुविज्ञान ठाऊक होते असे मी म्हणत नाही. तसे म्हटले तर तुकोबांच्या बाबतीत केलेली चूक रामदासांच्या बाबतीत पुन्हा केली असे होईल. पंचमहाभूते म्हणजे मूलद्रव्यांची आवर्तसारणी नव्हे. त्यांच्याकडून घ्यायचा तो उत्तराचा तपशील नव्हे, प्रश्न विचारण्याची रीत.

या रीतीने विचारले तर आधुनिक विज्ञानाचे उत्तर थक्क करणारे आहे, आणि ते शोधणाऱ्यांत आपला एक माणूस फार जवळून सहभागी होता. १९५७ साली फ्रेड हॉइल, विल्यम फाउलर आणि बर्बिज दांपत्य यांनी मूलद्रव्ये ताऱ्यांच्या पोटात कशी शिजतात हे सविस्तर मांडले. त्याआधी १९५३ साली हॉइलने एक विलक्षण तर्क केला होता. विश्वात कार्बन मुबलक आहे आणि आपण स्वतः कार्बनचे आहोत. ताऱ्यांत तो इतका तयार व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाला एका ठराविक ऊर्जेची अवस्था असलीच पाहिजे. प्रयोगशाळेत शोध घेतला आणि ती अवस्था सापडली. आकाशाकडे पाहून केंद्रकाच्या आतले भाकीत! ते साधले कारण ताऱ्यात केंद्रके खरोखर घडतात; तारा केंद्रकासारखा दिसतो म्हणून नव्हे. साम्यावरून असे एकही भाकीत निघाले नसते.

या हॉइलचे शिष्य आणि सहकारी म्हणजे जयंत नारळीकर. १९३८ साली कोल्हापुरात जन्मलेले, पुण्यात १९८८ साली 'आयुका' उभारणारे आणि २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवलेले. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्या विज्ञानकथांबद्दल पुष्कळ लिहिले गेले. मला आठवला तो १९६४ सालचा हॉइल-नारळीकर सिद्धांत. त्याच्या मुळाशी माखचे तत्त्व आहे. एखाद्या कणाचे जडत्व, म्हणजे हलवू पाहताच तो जो विरोध करतो तो, त्याचा एकट्याचा गुण नसून विश्वातल्या उरलेल्या सर्व द्रव्याशी असलेल्या त्याच्या संबंधातून येतो, असा त्यांचा विचार होता. म्हणजे विश्व रिकामे केले तर उरलेल्या एकट्या कणाला वजनदारपणाच राहणार नाही. हा सिद्धांत सर्वमान्य झाला नाही. वस्तुमानाचा उगम आजचे शास्त्र निराळ्या मार्गाने सांगते. तरी लहान आणि मोठे यांना जोडण्याची एक प्रौढ रीत म्हणून मला तो फार मोलाचा वाटतो. अणूत विश्वाचे चित्र शोधण्यापेक्षा अणूला विश्वाचे काय देणे लागते असे विचारणारी ही रीत आहे.

आणि ते देणे आपल्या पायाखाली आहे. ज्या जांभ्यावर ही रत्नागिरी उभी आहे तो तांबडा आहे लोखंडाच्या गंजामुळे. आपल्या काळ्या समुद्राची वाळू काळी आहे ती लोह आणि टायटॅनियम असलेल्या इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे. ते लोह पृथ्वीवर बनलेले नाही. सूर्य जन्माला येण्याच्या, म्हणजे सुमारे ४६० कोटी वर्षांच्याही आधी कुठल्या तरी ताऱ्यांच्या स्फोटांत ते घडले आणि उधळले गेले. विद्यार्थिनीच्या रक्तातले लोह तेच, माझ्याही. घटाघटातल्या पाण्यातला हायड्रोजन तर त्याहून जुना. त्याची केंद्रके विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांतली, १३८० कोटी वर्षांपूर्वीची. हे साम्य नाही, वंशावळ आहे. नातवाचे नाक आजोबांसारखे असेल किंवा नसेल. नाते नाकावर अवलंबून नसते.

आता माझ्या सहकाऱ्यांची एक रास्त हरकत. एकाने विचारले, "हे सगळं ठीक आहे, पण मग कवीने काय करायचं? उपमा-रूपकं द्यायची की प्रयोगशाळेतून शिक्का मारून आणायची?" उत्तर आपल्याच अलंकारशास्त्रात आहे. मम्मटाने उपमेची व्याख्या करताना साधर्म्याबरोबर भेदही मोजला आहे. दोन वस्तू वेगळ्या राहतात म्हणूनच त्यांच्यातले साधर्म्य सुंदर वाटते. रूपकात अभेद येतो, पण तो आरोपित आहे हे कवीला आणि रसिकाला दोघांनाही ठाऊक असते. आणि जिथे साम्यामुळे एक वस्तू खरोखरच दुसरी समजली जाते, तिथे शास्त्राने निराळे नाव दिले आहे : भ्रान्तिमान. कवितेत तोही अलंकार असतो, कारण तिथे भ्रम पात्राला होतो आणि कवी जागा असतो. वर्गात मात्र भ्रम शिक्षकालाच झाला होता.

कुसुमाग्रजांनी 'विशाखा'तल्या 'पृथ्वीचे प्रेमगीत' या कवितेत गुरुत्वाकर्षणाची कक्षाच प्रीतीची कक्षा केली. पृथ्वी आणि सूर्य यांना मने नाहीत हे त्यांना ठाऊक होते आणि आपल्यालाही ठाऊक आहे. त्या जाणिवेमुळेच ती कविता आपल्याला हलवते. उद्या कोणी त्या कवितेवरून ग्रहांना भावना असतात असे सिद्ध करू लागला, तर त्याने खगोलशास्त्राचे काही बिघडणार नाही, नुकसान कवितेचे होईल. तुकोबांच्या अभंगाचे मी तेच करत होतो. तो अभंग अणू आणि आकाश एकमेकांसारखे आहेत असे म्हणतच नाही. त्यात लहान आणि मोठे अशा दोन वस्तू नाहीतच; एकच 'तुका' आहे, जो दोन्ही मापांतून निसटतो. देहाचा आकार टाकला, जाणणारा आणि जाणलेले हा भेद टाकला, आणि मग मोजायला काही उरले नाही, असा तो अनुभव आहे. त्यात मी कक्षा काढून बसलो. मापच गळून पडल्याचे सांगणाऱ्या कवितेवर मी मोजपट्टी ठेवली आणि वर तिला विज्ञानाचे प्रशस्तिपत्र दिले, जणू त्याशिवाय ती वर्गात उभी राहू शकत नव्हती.

या सवयीमागे आपला न्यूनगंड आहे, असे मला आता वाटते. साहित्य शिकवताना आपल्याला सतत धास्ती असते की हे 'उपयोगाचे' वाटणार नाही. मग संतांना शास्त्रज्ञ केले की वर्ग कान टवकारतो, पालक सुखावतात, सभेत टाळ्या पडतात. पण त्यातून विद्यार्थी शिकतो ते एवढेच की दोन गोष्टी सारख्या दिसल्या म्हणजे विचार संपला. ही सवय कवितेपुरती राहत नाही. नाव सारखे म्हणून माणूस तसा, आडनाव सारखे म्हणून स्वभाव तसा, इतिहासातली एक घटना आजच्यासारखी दिसली म्हणून निष्कर्ष तयार, इथपर्यंत ती पोचते. साम्य हे चौकशीचे पहिले पाऊल आहे. तिथेच बैठक मारली की चौकशी थांबते.

शिवाय आरशाची एक खोड आहे. त्यात पाहणाऱ्याला शेवटी स्वतःचाच चेहरा दिसतो. विश्व माझ्यासारखे आहे म्हटले की विश्व समजून घेण्याची गरज उरत नाही; मी तर मला ठाऊकच असतो. नाते मात्र विचारावे लागते, शोधावे लागते, आणि सापडल्यावर त्याचे ऋण मानावे लागते.

आता मी तो अभंग शिकवतो तेव्हा फळ्यावर काही काढत नाही. अभंग संपला की दासबोधातला तो समास वाचायला देतो आणि मुलांना एकच काम सांगतो : 'पिंडी ते ब्रह्मांडी' या म्हणीत काय काय म्हटले आहे ते वेगवेगळे करून लिहा. वहीत जे उतरते ते पुष्कळदा माझ्या जुन्या व्याख्यानापेक्षा बरे असते. ती विद्यार्थिनी पदवी घेऊन केव्हाच बाहेर पडली. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिले नव्हते हे तिच्या लक्षातही नसेल. माझ्या आहे, आणि निदान इथे तरी ते लिहून ठेवावेसे वाटले.